चार वाजता कळेल

पहिल्या भेटीत त्याला तिचा चेहरा दिसलाच नाही. दिसले ते पाय. दुरुस्तीच्या दुकानात ती टेबलाखाली पालथी पडून वायरींचा गुंता सोडवत होती, आणि हा भला माणूस ओली छत्री हातात धरून त्या पायांनाच आपलं दुखणं सांगत होता.

"लॅपटॉपला नेट लागतं... आणि सुटतं. परत लागतं, परत सुटतं."

"उचकीसारखं?" टेबलाखालून विचारणा झाली.

"हो. अगदी तसंच."

"मग कुणीतरी आठवण काढत असेल."

असल्या बोलण्यावर माणसं हसतात. निदान हसल्यासारखं तरी करतात. हा मात्र गप्प. इतका गप्प, की शेवटी ती टेबलाच्या कडेवर डोकं आपटून घेत बाहेर आली. समोर उंच, शिडशिडीत माणूस उभा होता. बाह्यांवर पांढरा चुरा, आणि चेहराही त्या चुऱ्याच्याच रंगाचा झालेला.

तिला दुकानात सगळे टेस्टर म्हणायचे. केसांचा बुचडा बांधून त्यात पिनेच्या जागी ती टेस्टर खोचायची, म्हणून. तिला ते नाव मनापासून आवडायचं. वीज कुठे आहे आणि कुठे नाही एवढं ज्याला कळतं त्याला आणखी काय कळायला हवं? भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. यंत्र कधी खोटं बोलत नाही, आपल्यालाच त्याचं बोलणं कळत नाही, असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. तिचं हे वाक्य जरा लक्षात असू द्या. पुढे तिला त्याचा बराच त्रास होणार आहे.

"बसा," ती म्हणाली आणि तिने लॅपटॉप उघडला. आत नेहमीच्या विंडोजऐवजी लिनक्स होतं, नीट ठेवलेलं, निगुतीने वापरलेलं. "हे तुम्ही टाकलंत?"

"छे. मी दात करतो."

"काय करता?"

"दात. कवळ्या, कॅपा... डॉक्टर माप पाठवतात, मी लॅबमध्ये बसून घडवतो." त्याने बाही झटकली. "हे प्लास्टर आहे."

तिला हसू आलं. तो तिच्या हसण्याकडे बघत राहिला, जरा जास्तच बारकाईने.

"तुमचा डावीकडचा सुळा पुढे आलाय," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचे कान लाल झाले.

"तक्रार आहे का?"

"नाही... तसा दात मुद्दाम घडवायला गेलं तर जमत नाही. मी बघितलंय करून."

अशी तारीफ तिची आजवर कुणी केली नव्हती. तिने तोंड मिटलं आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

घरातल्या नेटवर जी जी वस्तू असते तिला एक नंबर असतो. बहुतेक वेळा तो आपोआप मिळतो, कुणी लक्षही देत नाही. या लॅपटॉपचा नंबर मात्र कुणीतरी सेटिंगच्या फाईलमध्ये हाताने लिहून पक्का केला होता. शेवटी सात. आणि त्याखाली एक टीप होती, यंत्र वगळतं आणि माणसं वाचतात तशी.

'हे बदलू नये. बदलाल तर चार वाजता कळेल.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. बाहेर धुकं दुकानाच्या काचेला येऊन चिकटलं होतं.

"हे कुणी लिहिलंय?"

"दादाने. माझा थोरला भाऊ."

"मग त्यांनाच विचारा की, चार वाजता काय कळणार आहे."

"दादा गेला," तो म्हणाला. "आठ महिने झाले."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा. माझ्या जिभेला हाड नाही."

"नाही, नाही... तुम्हाला कसं माहीत असणार." मग छत्री खाली ठेवून तो बसला आणि सांगायला लागला, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होता. दादा जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. तिथेच, समुद्रात, हृदय बंद पडून गेला. लॅपटॉप त्याच्या सामानासोबत खोक्यातून परत आला. आता घरात हा आणि आई, दोघंच. आणि आई म्हणते, दादा रोज चार वाजता येतो. येतो आणि बोलतो.

"मी दोन दिवस रजा काढून तिच्याजवळ बसलो. चारला चकार शब्द नाही. आई म्हणते, तू घरात असलास की तो बोलत नाही." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "डॉक्टर म्हणाले, असे भास व्हायला लागले की माणूस दार उघडून चालायला लागतं. एकटीला ठेवू नका. नाहीतर वृद्धाश्रम. सोमवारी तिथली खोली मिळतेय. पण या लॅपटॉपवर कॅमेरा चालला, मला कामावरून तिच्याकडे बघता आलं, तर डॉक्टर म्हणाले, मग राहू दे घरी. नेट टिकलं, तर आई घरी राहील. एवढंच आहे."

एवढंच. आणि तो मंगळवार होता.

खरं तर काम दोन मिनिटांचं. सात खोडायचा, नंबर आपोआप मिळू द्यायचा, झालं. तिने नेहमीच्या सवयीने आधी जुन्या फाईलची प्रत काढून ठेवली, मग बोट बटनावर ठेवलं... आणि ते तिथेच राहिलं. गेलेल्या माणसाने बदलू नये म्हटलंय. 'नये' हा शब्द पडद्यावरून तिच्याकडे बघत होता.

"हा नंबर तुमच्या घरच्या नेटचा आहे, इथे काही कळायचं नाही," ती म्हणाली. "उद्या घरी येऊन बघते." हे खरंच होतं. पण अर्धंच खरं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेर धुकं दाटलेलं, जिन्याचे कठडे ओले. त्याने दार उघडलं तेव्हा त्याने केस विंचरलेले होते आणि बाह्यांवर चुरा नव्हता. तिने ते बघितलं, आणि तिने बघितलं हे त्यानेही बघितलं.

घर मात्र विचित्र होतं. नको इतकं आवरलेलं. दाराशी तीन खुंट्या, त्यातली एक रिकामी. भिंतीवर तसबिरीच्या आकाराचा उजळ चौकोन, तसबीर नाही.

"दादांचं काहीच दिसत नाही कुठे," ती हळू आवाजात म्हणाली.

"मीच काढून टाकलं. महिन्याभरात. आईला बघवलं नसतं."

आई आतल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. बाजूला शिवणयंत्राची लाकडी पेटी, झाकण बंद, वर कापड. कापडावर पाण्याचा पेला आणि बशीत एक गोळी. त्यांनी तिला पायापासून टेस्टरपर्यंत न्याहाळलं.

"पोरी, तू यंत्राला हात लावणार आहेस?"

"लॅपटॉपला, काकू."

"लाव. पण चारच्या आत आटप."

तिच्या पाठीतून काहीतरी सरकून गेलं. गारठा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

बाहेरच्या खोलीत तिने दादाचा लॅपटॉप सुरू केला. नेट लागलं, आणि लगेच पडद्यावर तक्रार उमटली. हा नंबर दुसऱ्या कुणीतरी घेतला आहे.

"सातवर आधीच कुणीतरी आहे," ती म्हणाली. "तुमचा फोन बंद करा. मीही करते. अजून काय चालू आहे घरात?"

"काही नाही. आपण तिघं."

तिने दादाचा लॅपटॉप पूर्ण बंद करून झाकण मिटलं. मग पिशवीतून स्वतःचा काढला. तंत्रज्ञांची एक साधी युक्ती असते. एखाद्या नंबरला हाक मारायची. तिथे कुणी असेल तर ओ येते, नसेल तर नाही. दादाचा लॅपटॉप मिटलेला होता, म्हणजे सात रिकामा. तिने सातला हाक मारली.

ओ आली.

तिने परत मारली. परत आली. मग दर सेकंदाला एक, नळ ठिबकावा तशी, शांतपणे.

"काय झालं?" तो तिच्या खांद्यामागून वाकला. त्याच्या श्वासाची ऊब तिच्या कानाला लागत होती, आणि एरवी तिने त्याबद्दल काही विचार केला असता.

"थांबा. नाव विचारते." तिने सातला नाव विचारलं. नाव आलं. 'थोरला.'

"हे तर दादाच्या लॅपटॉपचं नाव आहे," तो म्हणाला. "त्याने स्वतःच ठेवलेलं."

दोघांनी टेबलावरच्या त्या मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं. त्यावर एक दिवासुद्धा नव्हता.

तिने तो पुन्हा उघडला, चालू केला, आतल्या नोंदी वाचत बसली. कळेना. नेट लागत होतं, सुटत होतं, दोघं जण एकाच खुर्चीत बसायला बघतात तसं. वाचता वाचता चार वाजले.

आतून काही आवाज नाही. ती दाराशी जाऊन उभी राहिली. आईंनी गोळी बशीतून उचलली होती, तळहातावर धरली होती, आणि मान जराशी कलती करून त्या ऐकत होत्या. एक मिनिट. पाच मिनिटं. मग त्यांनी गोळी परत बशीत ठेवली.

"आज नाही बोलला. परकं माणूस आहे ना घरात."

"आई, गोळी घे. हृदयाची आहे ती," तो म्हणाला.

"त्याने सांगितल्याशिवाय नाही घेणार."

त्याने तोंड फिरवलं. खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं, तरी तो तिकडेच बघत राहिला.

जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत तो तिला सोडायला आला. "तुम्हाला भीती वाटली?"

"मला? छे."

"हात गार पडलाय तुमचा." तो कधी त्याच्या हातात गेला होता, दोघांनाही कळलं नव्हतं.

"धुक्यामुळे."

"धुकं बाहेर आहे... आपण अजून आतच आहोत."

"आणि तुम्ही हाताचं माप घेताय की काय?"

"मापं दाताची घेतो," तो म्हणाला. "हाताचं आज पहिल्यांदाच." पण हात त्याने लगेच सोडला नाही, आणि तिनेही काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आल्या आल्या तिने त्याला फोन लावला. "रजा काढून बसला होतात त्या दोन दिवशी लॅपटॉप चालू होता का?"

"हो. कॅमेराच बसवत होतो ना."

"आणि एरवी, दुपारी चारला?"

"एरवी बंद. कपाटात असतो."

"आज साडेतीनला येते. मी येईपर्यंत लॅपटॉपला हात लावू नका. शपथ घ्या."

"घेतली... आवाज असा का येतोय तुमचा?"

"कसा?"

"काल भीती वाटली नाही म्हणणाऱ्या माणसासारखा."

साडेतीनला दोघं बाहेरच्या खोलीत बसले होते. दादाचा लॅपटॉप मिटून टेबलावर. तिचा मांडीवर, सातला हाका मारत. ओ येत होती. खोलीत एवढी शांतता, की बोलायचं तर कुजबुजावं लागत होतं, आणि कुजबुजायचं तर जवळ सरकावं लागत होतं.

"आपण नक्की काय करतोय?" त्याने विचारलं.

"वाट बघतोय."

"कुणाची?"

घड्याळाचा काटा बारावर गेला.

"आई..."

आवाज आतून आला. पुरुषाचा, भारदस्त, बोलता बोलता हसू दाबणारा. "आई, गोळी घेतलीस का? पाणी कोमट घे. आणि ती खिडकी लाव, गारठा आहे." शब्दांच्या मध्ये कुणीतरी श्वास घेतल्याचंही ऐकू आलं.

"घेते रे बाबा, घेते," आई म्हणाल्या, आणि पेला उचलल्याचा आवाज झाला.

त्याने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं उमटली. त्याच्या ओठांवर रक्ताचा थेंब उरला नव्हता. "दादा आहे हा."

"हो."

"तुम्हालाही ऐकू आलं?"

"सगळं. खिडकीचंसुद्धा."

"म्हणजे आई..."

"आईंना काही झालेलं नाही," ती म्हणाली. हातावरचा केस न् केस उभा होता. पळून जावं असं तिला फार वाटलं. त्याचं मनगटावरचं ओझं मात्र सोडवत नव्हतं. मग तिने ते आपलं जुनं वाक्य गच्च धरलं, यंत्र खोटं बोलत नाही, आणि उठली. "माझ्या पडद्यावर डोळा ठेवा. ओ येतेय तोवर येतेय म्हणा. थांबली की सांगा."

विजेच्या बटनांची पेटी दाराशी होती. तिने स्वयंपाकघर बंद केलं.

"येतेय."

न्हाणीघर आणि मागची खोली बंद केली.

"येतेय... येतेय."

आईंची खोली बंद केली.

"थांबली," तो म्हणाला. मग पुन्हा, विश्वास न बसल्यासारखा, "थांबली."

आईंच्या खोलीत दिवा सोडला तर विजेवर चालणारं काहीच नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेने बघत गेली. शिवणयंत्रामागे एक प्लग होता. त्याची वायर पेटीत गेली होती. पायाने चालवायच्या यंत्राला वीज कशाला लागते? तिने वरचं कापड उचललं.

"हात लावू नकोस," आई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण तिचा हात थांबला.

"आई, आत काय आहे?" तो दारात उभा होता.

आईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि एक लांब श्वास सोडला. "भूत नाहीये रे. मला काय एवढंही कळत नाही? मेलेलं माणूस गोळीची आठवण करायला येतं होय? जहाजावर जायच्या आदल्या दिवशी दादा दिवसभर इथे खाली बसून खुटखुट करत होता. म्हणाला, आई, मी समुद्रावर असेन, लहान्या कामावर असेल. चार वाजता मी तुला आठवण करीन. शनिवार-रविवार लहान्या करेल."

"मग हे मला सांगितलं का नाहीस? तुला वेडी ठरवत होते सगळे. मीसुद्धा..."

"त्याचे बूट कुठे आहेत?"

त्याने मागे वळून दाराशेजारच्या रिकाम्या खुंटीकडे बघितलं.

"त्याचा कोट? ती खुंटीवरची टोपी? महिन्याभरात घर धुऊन काढलंस. माझ्यासाठीच केलंस, ठाऊक आहे मला. पण मला विचारलंस का एकदा तरी? हे सांगितलं असतं तर हेही गेलं असतं. म्हटलं, वेडी तर वेडी."

"आणि सोमवारी? तिथे गेल्यावर?"

"शिवणयंत्र सोबत नेणार होते. म्हातारीला शिवणयंत्र कोण नाही म्हणतं?"

तो त्यांच्या पायाशी खाली बसला आणि त्यांच्या मांडीत डोकं घालून रडला. आठ महिन्यांत तो रडलाच नव्हता, असं त्याने नंतर टेस्टरला सांगितलं. आईंचा हात त्याच्या केसांतून फिरत होता. टेस्टर खिडकीकडे तोंड करून उभी होती, कारण तिलाही स्वतःच्या डोळ्यांचं काहीतरी बघायचं होतं.

आईंनी परवानगी दिल्यावर पेटी उघडली. आत हाताच्या तळव्यात मावेल एवढा छोटा संगणक, एक जुन्या रेडिओचा स्पीकर आणि वीज परत आल्यावर लागलेला हिरवा दिवा. तिने आपल्या लॅपटॉपवरून आत डोकावून पाहिलं. आवाजाच्या पाच फायली. सोमवार ते शुक्रवार. तिने मोजल्या. तंत्रज्ञ माणूस मोजतोच.

"दादांकडून एक चूक झाली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सेटिंगची फाईल त्यांनी आधी लॅपटॉपवर लिहिली, मग लॅपटॉपमधलं सगळं या डबीत उतरवलं, नावासकट. आणि लॅपटॉपवरचा नंबर परत बदलायचा राहून गेला. तो घेऊन ते जहाजावर गेले. दोघं एका घरात कधी नव्हतेच, तर कळणार कसं? वीज गेली-आली की या डबीचं घड्याळ चुकतं, म्हणून बोलायच्या आधी ती दर वेळी नेटवरून वेळ विचारते. लॅपटॉप चालू असला की दोघांचा एकच नंबर... उत्तर हिच्यापर्यंत पोचत नाही. मग गप्प बसते."

"म्हणून चार वाजता कळेल..."

"म्हणून. डबीचा नंबर कुणी हलवला तर चारला गोळी चुकेल, एवढंच त्यांना म्हणायचं होतं."

"मग आता सात कुणाचा?"

"त्यांचाच राहू दे. लॅपटॉप सरकेल." तिने जुन्या फाईलची प्रत काढली, सातचा आठ केला, आणि दादाच्या टिपेखाली आपली एक ओळ लिहिली. 'सात दादांचा. इथे आठ.' लॅपटॉपला नेट लागलं आणि टिकलं. पेटीतला हिरवा दिवाही टिकला.

शुक्रवारी चार वाजता डॉक्टर स्वतः त्या खोलीत बसले होते, लॅपटॉप चालू ठेवून. आवाज आला तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. सगळं समजल्यावर त्यांनी आईंची माफी मागितली, आणि सोमवारची खोली दुसऱ्या कुणालातरी मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग. अहो, दोन माणसांचं एवढ्यावर कुठे होतं? पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला, नेट हळू चालतंय. त्यापुढच्या आठवड्यात प्रिंटर चालेना. घरात प्रिंटरच नाही, हे तिला गेल्यावर कळलं. "टेस्टर, त्या घरात अजून काही बिघडायचं राहिलंय का?" दुकानाचे मालक विचारायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं. भिंतीवर दादाची तसबीर परत आली. आईंनी तिला एकदा स्वतःच्या हाताने पिशवी शिवून दिली, डबीला धक्का लागू न देता, यंत्राशिवाय, सुईदोऱ्याने.

पण जे बोलायचं ते कुणीच बोलेना. आणि अशात मालकांनी दुसऱ्या गावात दुकान काढायचं ठरवलं. तूच चालव म्हणाले. सोमवारी हो की नाही सांग.

रविवारी तिने ते त्याला सांगितलं. त्याने कप बशीत नीट मधोमध ठेवला. "चांगलं आहे," म्हणाला. "मोठं दुकान असेल."

"असेल."

"मग... जायला हवं."

"तू म्हणतोस तर," ती म्हणाली, आणि बूट घालायला उठली. एवढं शोधून काढणारी मी, तिला वाटत होतं, याच्या तोंडून एक वाक्य काढता येत नाही मला. आणि माझ्याही तोंडून ते निघत नाही.

त्याने दार उघडून धरलं. आत आई खुर्चीत पेंगत होत्या. जिन्यात धुकं भरलं होतं.

"पोचलीस की कळव."

"कळवते."

"आणि... काही नाही."

"काय?"

"काही नाही."

"आई..."

आवाज आतून आला. तोच. पण या वेळी त्यात दाबलेलं हसू नव्हतं. "आई, लहान्याला म्हण, उद्या बोलू म्हणून ठेवू नकोस. उद्याचं काही खरं नसतं."

"सांगते रे," आई झोपेतच पुटपुटल्या.

दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते. घड्याळात चार वाजले होते.

"आज रविवार आहे," तो म्हणाला.

"हो."

"रविवारी तर..."

"पाचच होत्या," ती म्हणाली. "मी मोजल्या होत्या."

ती परत आत आली. पिशवी खाली ठेवली, स्वतःचा लॅपटॉप काढला. हात सवयीचे होते. एक ओळ लिहिली की डबीतल्या फायलींची यादी समोर येणार होती. कुठे एखाद्या तारखेसाठी राखून ठेवलेली, तिच्या नजरेतून सुटलेली सहावी फाईल असेल. असेलच. नसेल तर... ओळ लिहून झाली. बोट बटनावर गेलं.

त्याने आपला हात तिच्या हातावर ठेवला. "नको बघूस."

"यंत्र खोटं बोलत नाही."

"माहीत आहे मला. म्हणूनच नको बघूस." त्याने तिचा हात बटनावरून उचलला. "जाऊ नकोस. नेटसाठी नाही, आईसाठी नाही. मलाच तू इथे हवी आहेस. रोज. मी दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवत बसतो आणि तुझा तो सुळा डोळ्यांसमोरून हलत नाही. आता हस हवं तर."

ती हसली. सवयीने तोंडावर हात गेला, तो त्याने बाजूला केला. "एवढं बोलायला प्रिंटर कशाला लागला तुला?" ती म्हणाली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तिला पुसायचं नव्हतं. "मलाही हवास तू. पहिल्या दिवसापासून... बरं, पहिल्या दिवशी नाही. पण जिन्यात हात धरलास त्या दिवसापासून. मालकांना उद्या सांगते, नाही जमायचं म्हणून."

"उद्या नको," तो म्हणाला. "आत्ता सांग."

तिने एका हाताने फोन लावला, कारण दुसरा त्याच्या हातात होता. मालकांनी पहिल्याच घंटेला उचलला आणि तिने काही म्हणायच्या आधीच म्हणाले, "कळलं मला." ती ओळ लॅपटॉपवर तशीच राहिली, आणि मग तिने झाकण मिटलं.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. शिवणयंत्राच्या फटीतून हिरवा दिवा अजून दिसतो, आणि सोमवार ते शुक्रवार चारला आवाज येतो. त्या घरातलं सगळं टेस्टरच बघते. पण त्या डबीत फायली किती आहेत, हे तिने आजतागायत पुन्हा मोजलेलं नाही.